बँकेचे क्रेडिट, आपल्या वहीत डेबिट

प्रश्न : बँक स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. बँकेने क्रेडिट दाखवलेल्या रकमा आमच्या बँक खात्यात डेबिट दिसल्या, म्हणून फाइलमधल्या रकान्यांची अदलाबदल करून ती पुन्हा घेतली. आता शिल्लक जुळत नाही. काय चुकले?

उत्तर : पहिली आयात बरोबर होती, चुकली ती दुसरी. स्टेटमेंट म्हणजे बँकेच्या वहीतला तुमच्या खात्याचा उतारा. तुमची ठेव हे बँकेचे देणे, म्हणून पैसे भरले की बँक ते खाते क्रेडिट करते. तुमच्या वहीत तीच शिल्लक मालमत्ता असते. ती वाढली की डेबिट.

रकाने जुळवताना पैसे आले की गेले, एवढेच पाहावे. सॉफ्टवेअर रकमेचा एकच रकाना मागत असेल, तर बँक खात्यासाठी सहसा आलेली रक्कम धन आणि गेलेली ऋण धरतात. रकमेलाच ‘सीआर’ (क्रेडिट) किंवा ‘डीआर’ (डेबिट) चिकटलेले असेल, तर ते आधी काढून चिन्ह लावा. नाहीतर सॉफ्टवेअर तो आकडा मजकूर समजते आणि ओळ गळते किंवा शून्यावर जाते.

आता तुमची शिल्लक तपासा. समजा, आरंभीची शिल्लक 20,000, आलेले 15,000 आणि गेलेले 9,000. अखेर 26,000 हवी. ती 14,000 दिसली, तर फक्त उलटी आयात खात्यात आहे. फरक निव्वळ वाढीच्या, म्हणजे 6,000च्या, दुप्पट येतो. शिल्लक 20,000वरच अडली असेल, तर दोन्ही आयाती आत बसून एकमेकींना खोडत आहेत. तुमच्याकडे बहुधा हेच झाले असावे. तारीख आणि रक्कम पाहून दुबार नोंद ओळखणारी सॉफ्टवेअर इथे फसतात, कारण चिन्हच बदललेले असते.

दुरुस्तीसाठी उलट नोंदी घालत बसू नका; खतावणी विनाकारण फुगते. बॅकअप घेऊन दुसरी आयात सरसकट रद्द करा. तिच्यातल्या काही नोंदींचा बँक ताळमेळ, म्हणजे स्टेटमेंटशी जुळवणी, झाला असेल, तर तो आधी मोडावा लागतो. पुढच्या खेपेला चार-पाच ओळींचीच फाइल आधी घालून पाहा.

क्रेडिट कार्डाची फाइल मात्र वेगळी तपासा. कार्डाचे खाते तुमच्याकडे देणे असते आणि पुष्कळदा स्टेटमेंटमध्ये खरेदी धन छापलेली असते. एक खरेदी आणि एक परतावा घालून पाहा : खरेदीने देणे वाढले, परताव्याने घटले, तर चिन्हे बरोबर आहेत.