2 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेट नसताना, कीर्तनाच्या कॅसेट डिजिटल करून त्यातली खरखर काढता येईल का?

येईल. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायचं मोफत सॉफ्टवेअर एकदा इन्स्टॉल केलं की पुढचं सगळं नेटशिवाय होतं. रॅम कमी असली तर इफेक्ट लागायला वेळ जातो, दर्जा घसरत नाही. जपायचं ते रेकॉर्डिंग चालू असताना. मशीनला झेपलं नाही तर मधले तुकडे गळतात आणि ते नंतर कशानेही भरून येत नाहीत. त्यामुळे ब्राउझर आणि वायफाय बंद ठेवा, प्रेफरन्सेसमध्ये बफर (येणारा आवाज तात्पुरता साठवायची जागा) 100 वरून 300 मिलिसेकंद करा.

कॅसेट प्लेयर माइकच्या जॅकला लावू नका. तो बहुधा मोनो असतो आणि माइकच्या क्षीण सिग्नलसाठी असल्याने आवाज फाटतो. लाइन-इन (प्लेयरसारख्या उपकरणाचा जोरकस सिग्नल घेणारा जॅक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऐन गजरातही मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टीरिओमध्ये सी-60ची एक बाजू साधारण 318 एमबी होते. मूळ सेटिंग 32 बिट फ्लोट असतं, त्यात दुप्पट. शिवाय अनडूसाठी प्रत्येक इफेक्टला नवा डेटा साठतो, म्हणून एका बाजूला एक प्रोजेक्ट. टेप मोनो असेल तर स्टीरिओतला जास्त स्पष्ट चॅनल तेवढा ठेवा. प्लेयरचं हेड जरा तिरकं असेल आणि दोन्ही चॅनल मिसळले, तर शब्दांची धार जाते.

आता खरखर. ‘नॉइज रिडक्शन’ इफेक्टला आधी नॉइज प्रोफाइल, म्हणजे नुसत्या खरखरीचा नमुना, द्यावा लागतो. त्यासाठी टेपची अगदी सुरुवात निवडू नका. तिथल्या लीडरवर, म्हणजे टेपच्या टोकाच्या कोऱ्या पट्टीवर, चुंबकीय थर नसतो, त्यामुळे खरी खरखरही नसते. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिला स्वर लागण्याआधीचं अर्धं-एक सेकंद घ्या. त्यात तंबोरा किंवा पेटीचा सूर आला तर सॉफ्टवेअर त्यालाच गोंगाट समजून खाऊन टाकतं. कीर्तनाच्या टेपा बिघडतात त्या बहुतेक इथेच. खरखर कमी करताना मी 6 ते 9 डेसिबलच्या पुढे जात नाही, कारण पुढे टाळांचा झणत्कार पाण्याखालून आल्यासारखा होतो. ‘रेसिड्यू’ निवडून प्रिव्ह्यू ऐका: काढला जाणारा आवाज तेवढा ऐकू येतो. त्यात शब्द किंवा टाळ आले तर आकडा कमी करा आणि ओके करण्याआधी पुन्हा ‘रिड्यूस’वर या.

विजेची घरघर असेल तर 50 आणि 100 हर्ट्झला अरुंद नॉच फिल्टर (तेवढीच एक वारंवारता कापणारा) लावा. खालचे सगळेच स्वर कापणाऱ्या हाय-पास फिल्टरने पखवाजाची डावी बाजूच पोकळ होते.

यातलं काहीही करण्याआधी मूळ रेकॉर्डिंग एफएलएसीमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) एक्सपोर्ट करून वेगळ्या डिस्कवर ठेवा. नातेवाइकांना पाठवायला साफ केलेल्या प्रतीची 128 केबीपीएस एमपी3 पुरते.