फुंकर मारून फुप्फुसाचा कॅन्सर कळतो का?

प्रश्न: बाबा ६२ वर्षांचे आहेत, तीसेक वर्षं बिडी ओढतायत. दोन महिने झाले खोकला जात नाहीये, वजनही उतरलंय. व्हॉट्सॲपवर आलं होतं की नॅनोपार्टिकलची टेस्ट निघालीये, नुसती फुंकर मारायची. बाबा बायोप्सीला घाबरतात म्हणून थांबलोय. ही टेस्ट कुठे होते?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी एकच सांगते, थांबू नका. याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि थुंकीतून रक्त पडलं तर त्याच दिवशी. आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की टीबीच समजून महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात, म्हणून थुंकीची तपासणी आणि सीटी स्कॅन दोन्हीबद्दल विचारा.

आता टेस्टबद्दल. बातमी अगदीच खोटी नाही. इस्राएलच्या टेक्निऑन विद्यापीठात होसाम हाइक यांच्या टीमने २००९ मध्ये सोन्याच्या नॅनोकणांचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, सेन्सर वापरून पेशंट आणि निरोगी माणसांच्या श्वासातला फरक ओळखून दाखवला होता. श्वासातली रसायनं त्या कणांच्या थरात शिरली की त्याचा विद्युतरोध बदलतो, तो पॅटर्न मशीन वाचतं. पण श्वास बिडीने बदलतो, खाण्याने बदलतो, दुसऱ्या आजारानेही बदलतो, त्यामुळे नुसत्या फुंकरीवर कॅन्सर आहे किंवा नाही असं ठरवता येत नाही.

मला स्वतःला जास्त आशा वाटते ती अमेरिकेतल्या एमआयटीत संगीता भाटिया यांच्या टीमने २०२४ मध्ये मांडलेल्या कामाची. नेब्युलायझरने नॅनोकण फुप्फुसात सोडायचे, त्यांना डीएनएचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात, गाठीतली एन्झाइम्स ते तुकडे कणांपासून सुटे करतात, मग तुकडे रक्तातून लघवीत उतरतात आणि कागदी पट्टीवर साधारण २० मिनिटांत दिसतात. जिथे सीटी मशीनच नाही अशा गावांसाठी हे केवढं मोठं काम ठरेल! पण ते प्रयोग उंदरांवरचे आहेत.

बाबांच्या भीतीबद्दल. सीटीत संशय यावा अशी गाठ दिसली तर बायोप्सीला पर्याय नाही, पण बऱ्याचदा ती जागा बधिर करून, सीटीत बघत बघत सुईने तुकडा घेतात, मोठं ऑपरेशन नसतं. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. उलट त्याच तुकड्यावर ईजीएफआरसारख्या जीनची तपासणी होते, आणि काही पेशंटना केमोऐवजी गोळी चालेल का हे त्यावरूनच ठरतं.