आधी दुकानदाराचं मार्जिन विचारा

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रडगाणं आहे: माल एक नंबर, खाणारे नावाजतात, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. यावर मी आधीही लिहिलंय. तरी पत्रं येतच आहेत, म्हणून पुन्हा. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : मार्केटिंगचे ‘पी’ चार की सात? एका शिबिरात चार सांगितले, दुसऱ्यात सात. परवा एकाने दहा मोजून दाखवले. (बारामती)

वस्तू विकत असाल तर चार, सेवा देत असाल तर सात. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन (वस्तू, दर, विक्रीची जागा, जाहिरात) ही चौकडी जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने 1960 साली मांडली. सेवेसाठी माणसं (पीपल), कामाची पद्धत (प्रोसेस) आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसणारा पुरावा (फिजिकल एव्हिडन्स) हे तीन 1981 मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी जोडले. दहावाला बहुधा शिबिराची फी वसूल करत होता.

प्रश्न : घरगुती लोणचं फक्त ओळखीच्यांना विकते. बरणीवर नाव आणि फोन नंबर एवढं पुरे ना? (चिपळूण)

नाही. पैसे घेतले की ती विक्री, मग घेणारी मावशी असली तरी. अन्न नोंदणीचा 14 आकडी नंबर, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते, तुमचा पूर्ण पत्ता, सर्व करांसह एमआरपी आणि हिरवा ठिपका हे सगळं लागतं. लेबल छापायला टाकण्याआधी नमुना घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवून या. छापखानेवाल्याला विचारू नका. तो म्हणेल, ‘सगळे असंच लावतात.’

प्रश्न : कांदा-लसूण मसाल्याच्या 200 ग्रॅमच्या पाकिटाला 100 रुपये खर्च येतो, मी 125 ला विकते. ओळखीत महिन्याला दीडशे पाकिटं सहज जातात. आता दुकानांत ठेवायचंय. दुकानदार एमआरपीवर 20 टक्के मागतो, डिस्ट्रिब्युटर त्याच्या विक्रीवर 8. दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते. खर्चाचा कागद सोबत जोडला आहे. (इचलकरंजी)

कागद जोडलात, बरं झालं. असा कागद दहातला एक जण पाठवतो.

तुमच्याच आकड्यांनी आधी गणित करू. एमआरपी 125. दुकानदाराचे 20 टक्के म्हणजे 25 रुपये गेले, राहिले 100. डिस्ट्रिब्युटर दुकानाला 100 ला माल देणार, त्यातले 8 त्याचे. तुमच्या हातात 92. पाकीट पडलंय 100 ला. म्हणजे दर पाकिटामागे पदरचे 8 रुपये घालून तुम्ही दोन माणसांची दुकानं चालवणार. आणि खप वाढला की आनंदाने पेढे वाटणार!

घोळ इथे होतो. तुम्ही खर्चावर 25 टक्के चढवले आणि समजलात की मार्जिन 25 टक्के आहे. बाजारात कुणीच तुमच्या खर्चावर टक्के मोजत नाही. दुकानदार एमआरपीवर मोजतो, डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या विक्रीच्या दरावर. 100 चे 125 केले तर विक्रीवर तुमचे फक्त 20 टक्के झाले, आणि तेवढे एकटा दुकानदारच मागतोय.

पण त्याहून मोठा घोळ कागदातच आहे. ब्याडगी, संकेश्वरी, धणे, तीळ, खोबरं, तेल, कांदा, लसूण, कांडप, पाउच, सगळं पैशापैशाने लिहिलंय. तुमची मजुरी कुठाय? जाऊबाईंची कुठाय? पत्रात म्हणता, दोघी मिळून दिवसाला 80 पाकिटं होतात. दोघींचा रोज 480 रुपये धरा, फार नाही. 960 भागिले 80, पाकिटामागे 12 रुपये. शिवाय फुटलेली पाकिटं, वाटलेले नमुने, रिक्षा, दुकानातून परत येणारा जुना माल. याचे 8 धरा, कमीच धरतोय. खरा खर्च 120. म्हणजे घरातून 125 ला विकतानाही तुम्हाला पाच रुपये सुटतात, आणि ‘सहज जातात’ याचं निम्मं कारण तेच आहे. घरच्या बाईची मजुरी फुकट धरायची ही खोड मी गेली कित्येक वर्षं बघतोय. शिकलेले मुलगेही आईच्या कष्टावर शून्य लिहितात आणि वर लॅपटॉपवर नफा काढून दाखवतात. उद्या जाऊबाईंचा हात दुखावला आणि बाई लावावी लागली, की त्या दिवशी नफा आटलेला दिसतो. तो आधीपासूनच आटलेला असतो.

आता उलटीकडून या. दर नेहमी दुकानाच्या फळीवरून मागे मोजत घराकडे आणायचा. एमआरपी 195 धरा. दुकानदाराचे 39 गेले, राहिले 156. डिस्ट्रिब्युटरचे साडेबारा गेले, राहिले एकशे साडेत्रेचाळीस. त्यातून 120 वजा करा, तुम्हाला साडेतेवीस. तुम्ही जीएसटीत असाल तर करही याच 195 च्या पोटात बसवायचा, म्हणून हा कागद एकदा सीएला दाखवाच. आणि डिस्ट्रिब्युटर पहिल्याच भेटीत ‘बारावर एक’ स्कीम मागेल. बाराच्या पैशात तेरा पाकिटं म्हणजे तुमच्या दरात पावणेआठ टक्के सूट झाली. ती परवडते का, हे मान डोलावण्याआधी बघा.

195 ला खपेल का? ते मी इथे बसून सांगणार नाही. वही घ्या, गावातली पाच दुकानं फिरा, शेजारच्या पाकिटांवर छापलेला ग्रॅममागचा दर उतरवून घ्या. तुमचा दर फार वर दिसला तर तीन वाटा उरतात. एक, डिस्ट्रिब्युटर सध्या सोडा आणि इचलकरंजीतली आठ-दहा दुकानं स्वतः सांभाळा, ते 8 टक्के आणि स्कीम वाचेल, पण स्कूटर तुमची आणि उन्हातान्हाचं फिरणंही तुमचंच. दोन, पाकीट 100 ग्रॅमचं करा. मात्र खर्च निम्मा होत नाही हे ध्यानात ठेवा, पाउच, भरणं आणि सील करणं तेवढंच राहतं. तीन, दुकानांचा नाद सोडून थेट विक्रीच दीडशेवरून पाचशेवर न्या. शिबिरात चार ‘पी’ चार चौकटींत लिहून देतात, पण इथे बघा, एका दराला हात लावला तर दुकान हललं आणि पाकिटाचं वजनही हललं.

जुन्या गिऱ्हाइकांचं काय? घरातून 125 आणि दुकानात 195 असं चालणार नाही. दुकानदाराची वहिनी तुमच्याच गल्लीत राहत असते. तुमचं पाकीट दुसऱ्या दिवशी फळीवरून खाली येईल. त्यांच्यासाठी अर्ध्या किलोचं वेगळं पाकीट काढा. वजनच वेगळं असलं की दराची तुलना तोंडावर होत नाही.

आणखी एक, मग थांबतो. पाउचच्या डिझाइनमध्येच एमआरपी छापू नका. तिथे कोरी चौकट ठेवा आणि दर, तारीख, बॅच नंबर शिक्क्याने मारा. एमआरपी कमी करणारा स्टिकर लावता येतो, वाढवणारा लावता येत नाही. एका वर्षी मिरची कडाडली आणि घरात पाच हजार छापील पाउच पडून असले, तर त्याच दराने विकत बसावं लागतं.

स्कीमवर मी चिडतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगली-मिरज लाइनवर टार्गेट गाठायला मी एका होलसेलरला ‘दहावर एक’ देऊन बसलो. त्याने गोदाम भरलं आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा स्वस्तात माल बाजारात सोडला. त्या लाइनवर पुढचे तीन महिने मला कुणी चहा विचारला नाही.

प्रश्न : एक एजन्सी 25 हजारांत 10 हजार फॉलोअर आणि 50 फाइव्ह स्टार रिव्ह्यू देते. पैठणी पर्सचा माझा नवा धंदा आहे. घ्यावं का? (येवला)

नाही, नाही आणि नाही. ते फॉलोअर पर्स घेत नाहीत, ते माणूसच नसतात. विकतचे रिव्ह्यू ही तर गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे, आणि तक्रार झाली की उत्तर तुम्ही द्यायचं असतं, एजन्सीने नाही.

गूगलवर धंद्याची नोंद फुकट होते, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉगही फुकट. ज्याने पर्स घेतली त्याला बिल देताना सांगा, ‘नंबर सेव्ह करा.’ ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह असलेल्यालाच जातो, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. दोनशे मेसेज टाकतात आणि कुणी उत्तर देत नाही म्हणून उसासे टाकतात. येवल्यात बसून पर्स शिवताना हातमागाचा खडखडाट ऐकू येतो, तो 20 सेकंदांच्या व्हिडिओत आला तरी पुष्कळ झालं.

जाता जाता, ‘उद्यम’ म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे पैसे मागणारे फोन येत असतील. ती नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे.

प्रश्न : ब्रँडच्या नावासाठी अर्ज केला आहे. एजंट म्हणतो, आता लोगोवर गोलातला ‘आर’ लावा. (लातूर)

लावू नका. अर्ज केल्यावर ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लावता येतं. ‘आर’ नोंदणी पूर्ण झाल्यावरच, त्याआधी लावणं गुन्हा आहे. आणि अर्ज कुठल्या वर्गात केलाय ते बघा. लोणचं 29 व्या वर्गात येतं, मसाले आणि पापड 30 व्या. एजंटाने एकाच वर्गात टाकून ‘सगळं कव्हर झालं’ म्हटलं असेल तर ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाला गाठा.

प्रश्न : आमच्या नाचणी-मेथी लाडवांनी ओळखीच्या तिघांची साखर उतरली. पाकिटावर ‘मधुमेहावर गुणकारी’ लिहू का? विक्री दुप्पट होईल. (कणकवली)

विक्री दुप्पट व्हायच्या आधी नोटीस येईल. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, आणि खाद्यपदार्थाच्या दाव्यांचे नियम त्याहून वेगळे आहेत. शिवाय तुमच्या लाडवात गूळ आहे, हे पत्रात तुम्हीच लिहिलंय. ‘नाचणी, मेथी, तूप, गूळ’ एवढंच ठळक लिहा. ते वाचून घेणारा घेतो. त्या तिघांना डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका म्हणून सांगा, हे मात्र आजच.

प्रश्न : प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का? महालक्ष्मी सरस किंवा भीमथडीसारख्या ठिकाणी? (अकलूज)

घ्या, पण अर्ज वेळेत करा आणि सोबत एक माणूस फक्त मोजायला ठेवा. किती जणांनी चाखलं, किती जणांनी घेतलं, आणि दर ऐकून किती जण ‘येतो परत’ म्हणून गेले. तिसरा आकडा फार मोठा असेल तर वरचं मसाल्याचं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : टॉवेल आणि चादरी बनवतो. पुण्याच्या एका दुकानाकडे चार महिन्यांपासून पैसे अडकलेत. मागितले की ‘पुढचा माल पाठवा, मग बघू’. कायदा सूक्ष्म उद्योगांना संरक्षण देतो असं ऐकलंय. (सोलापूर)

ऐकलंय ते खरं, पण अर्धं. तुम्ही स्वतः बनवता आणि माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पलीकडे मुदत नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागतं. तक्रार सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

आता तुम्हाला विचारतो. चार महिने काय करत होतात? बिलावर मुदत लिहिली होती का? माल पोचल्याची सही आहे का? पत्रात दोन्हीचा उल्लेख नाही, त्यावरून अंदाज आला. कागद घेऊन आधी सीए आणि मग वकिलाकडे जा, या आठवड्यात. तोवर ‘पुढचा माल’ एक नगही पाठवायचा नाही. उधारी हाही दराचाच भाग असतो. चार महिने पैसे अडकले म्हणजे चार महिन्यांचं सुताच्या कर्जाचं व्याज तुम्ही त्या दुकानाला सूट म्हणून दिलंत.

प्रश्न : दिवाळीसाठी फराळाचे गिफ्ट बॉक्स काढायचे आहेत. कंपन्यांना कसं गाठावं? (डोंबिवली)

पत्र आलं तेव्हा दिवाळीला 11 दिवस होते. यंदा ओळखीतल्या ऑर्डरी करा, बॉक्स तयार मिळतात तेच वापरा. कंपन्यांच्या ऑर्डरी गणपतीच्या आसपासच ठरतात, त्यामुळे पुढच्या वर्षी जुलैत नमुन्याचा एक बॉक्स भरा, चार दिवस स्वयंपाकघरात तसाच ठेवा आणि पाचव्या दिवशी चकली चावून बघा. ती मऊ पडली असेल तर मला लिहा, कंपनीला नको.