स्थलांतरितांच्या कथांमध्ये धार्मिक प्रतीकं खरंच दुःख सांगतात की नुसती सजावट असते?

तुम्ही विचारलंय की देश सोडून आलेल्या लोकांच्या गोष्टींमध्ये क्रॉस, मेणबत्त्या, देवाची शाल असलं काहीतरी येतंच, तर त्याने मागचं दुःख खरंच कळतं का. बऱ्याचदा नाही कळत. कोपऱ्यात देवाचा फोटो, आजीची जपमाळ, की झालं, पात्र हळवं आहे हे आपण समजून घ्यायचं. मी असली पानं सरळ उलटून टाकते. पण अमेरिकन ज्यू लेखिका सिंथिया ओझिकचं 'द शॉल' वाचलंत तर वेगळंच काहीतरी दिसेल. (पुढे स्पॉयलर आहेत.)

पुस्तक अगदी छोटं, १९८९चं, एक लहान कथा आणि एक मोठी. लहान कथेत रोझा, तिची तान्ही पोर माग्दा आणि नात्यातली स्टेला नाझी छावणीकडे चालत निघाल्यात, रोझाला दूध येत नाही आणि पोर शालीचं टोक चोखत जगते. ओझिक म्हणते, ती शाल बाळाला तीन दिवस तीन रात्री पोसू शकायची. बायबल माहीत असलेल्याला इथे माशाच्या पोटात तीन दिवस तीन रात्री काढणारा योना आठवणार, पण ओझिक थांबून समजावत बसत नाही. पोरीच्या तोंडाला वास येतो दालचिनी-बदामाचा. उपाशी पोराच्या तोंडाला असला वास कुठून येणार? पण ज्यू घरांत शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, संपताना मसाल्याची डबी फिरवून सगळे हुंगतात, आणि बायबलमधल्या अभिषेकाच्या तेलातही दालचिनी आहेच. पुढे थंडी वाजते म्हणून स्टेला शाल काढून घेते, पोर शाल शोधत उघड्यावर येते, सैनिक तिला उचलून विजेच्या कुंपणावर फेकतो, आणि रोझा किंकाळी बाहेर पडू नये म्हणून तीच शाल तोंडात कोंबते.

मोठ्या कथेत रोझा अमेरिकेत म्हातारी झालीये, ब्रुकलिनमधलं स्वतःचं जुन्या सामानाचं दुकान स्वतःच फोडून मायामीत एका हॉटेलच्या खोलीत पडून आहे, मेलेल्या मुलीला पोलिश भाषेत पत्रं लिहिते आणि स्टेलाकडे शाल पाठव म्हणून हट्ट धरते. स्टेला पत्रात झापते की मध्ययुगात लोक कुठलंही लाकूड येशूच्या क्रुसाचा तुकडा म्हणून पुजायचे ना, तशी तू त्या फडक्याला पुजतेस. ज्यू बाईला हे म्हणणं म्हणजे केवढं लागणार बघा, मूर्तिपूजा हे त्यांच्यात सगळ्यात मोठं पाप. आपल्याला हे पटकन लागत नाही कारण आपल्याकडे कित्येक घरांत गेलेल्या माणसांचे चांदीचे टाक देवांच्याच शेजारी असतात, सणावाराला त्यांना आंघोळ घालून गंध लावतात आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. त्यामुळे मराठी वाचक बहुतेक रोझाच्या बाजूचा होतो. ओझिक मात्र मूर्तिपूजेच्या विरोधात आयुष्यभर लेख लिहीत आलीये, म्हणजे ज्या शालीवर अख्खं पुस्तक उभं केलं तिच्यावरच लेखिकेचा पुरता विश्वास नाही. मला पुस्तकाची ताकद तिथेच वाटते.

अजून एक बारीक जागा. रोझाचं माहेर वॉर्सामधलं, शिकलेलं, यिदिशला, म्हणजे तिथल्या साध्या ज्यूंच्या बोलीला, नाक मुरडणारं, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोलकरणीने ठेवलेली मेरी आणि बाळ येशूची मूर्ती, जी बघायला रोझाची आई अधूनमधून जायची. म्हणजे पोराला कुशीत घेतलेल्या आईचं चित्र या बाईच्या डोक्यात आलंय ते दुसऱ्यांच्या धर्मातून, आणि ज्यांनी तिची पोर मारली ते त्याच चित्रासमोर हात जोडून वाढलेले असणार. ओझिक हे दोन-तीन ओळींत उरकते.

शालीचं पार्सल येतं तेव्हा आधी काहीच होत नाही बरं का, मळकट कापड, वास आला तो नाकापेक्षा मनालाच जास्त. मग ती शाल टेलिफोनवर टाकते आणि मुलगी जिवंत होऊन येते, मोठी, नटलेली. फोनवर!

आपल्या जवळचं हवं असेल तर अनिता देसाईंचं 'बॉमगार्टनर्स बॉम्बे' (१९८८). ह्यूगो बॉमगार्टनर बर्लिनचा ज्यू, नाझींपासून पळून भारतात येतो आणि युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज त्याला जर्मन म्हणूनच सहा वर्षं डांबतात, नाझी कैद्यांबरोबर. (हे उगाच रचलेलं नाही, तेव्हा अहमदनगर आणि देवळालीलाही जर्मन लोकांच्या छावण्या होत्या.) शेवटी मुंबईत ताज हॉटेलच्या मागच्या गल्लीत मांजरं सांभाळत राहतो. लहानपणी शाळेत नाताळला सगळ्यांना भेटी मिळतात, याच्या घरून काहीच आलेलं नसतं, बाई झाडाच्या टोकाचा काचेचा गोळा देऊ करतात आणि पोरगा तो घेत नाही. पुढे भारतात एका अंधाऱ्या गुहेतल्या देवळात शिरतो तर तिथूनही घाबरून पळतो, त्या देवानेही थुंकून टाकल्यासारखं त्याला वाटतं. त्याच्याकडे जपलेलं काय, तर आईची पोस्टकार्डं, मी बरी आहे, काळजी करू नकोस, आणि वर नाझी छावणीचे नंबर. देसाईंनी मुलाखतीत सांगितलंय की मुंबईत वारलेल्या एका म्हाताऱ्याची जर्मन पत्रं त्यांच्याकडे भाषांतराला आली होती, मजकूर साधाच पण प्रत्येकावर नंबर, ते नाझी छावणीचे हे देसाईंना नंतर कळलं. त्यांची स्वतःची आई जर्मन, त्यामुळे ही भाषा त्यांच्या घरातली.

दोन्ही पुस्तकांत रीतसर धर्म कुणाच्या मदतीला येत नाही, पवित्रपण जातं ते घरातल्या फडक्याला आणि पोस्टकार्डाला. तुम्हाला सजावट ओळखायची असेल तर एवढंच बघा की ती वस्तू काढून घेतली तर गोष्ट पडते का. आधी 'द शॉल' घ्या, एका बैठकीत होतं, पण रात्री झोपायच्या आधी नको.