गच्चीवरचा सोलर हीटर सोसायटी काढायला लावू शकते का?

प्रश्न : पुण्यातील आमच्या सोसायटीत मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहते. २०१७ मध्ये तत्कालीन सचिवांच्या लेखी परवानगीने मी गच्चीवर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवला. आता लिफ्ट व पंपासाठी सौर पॅनेल बसवायचे असल्याने सर्वसाधारण सभेने ठराव करून मला पंधरा दिवसांत हीटर काढण्याची नोटीस दिली आहे. गच्ची माझ्यामुळेच गळते, असेही त्यात लिहिले आहे. सोलर वीज आल्यावर गिझर वापरा, असे समिती म्हणते. मी काय करावे?

उत्तर : सचिवांचे पत्र हाती असल्यामुळे आपली बाजू भक्कम आहे, असे आपल्याला वाटत असेल, पण ते पत्र वाटते तेवढे बळकट नाही, हे मला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. गच्ची ही सर्व सभासदांची सामायिक जागा असते आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा तिच्यावर वेगळा हक्क नसतो. आपल्याला मिळालेली परवानगी ही भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मधील अनुज्ञा, म्हणजे दुसऱ्याची जागा वापरण्याची नुसती परवानगी (लायसन्स) आहे आणि ती सामान्यतः परत घेता येते. अनुज्ञेवर विसंबून खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले असेल, तर ती परत घेता येत नाही, असा अपवाद कलम ६० मध्ये आहे. परंतु स्टँडवर बोल्टने बसवलेली, उद्या खोलून नेता येईल अशी टाकी या अपवादात बसवणे न्यायालयात कठीण जाईल. कलम ६३ मात्र आपल्या उपयोगाचे आहे, कारण अनुज्ञा रद्द झाल्यावर सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळालीच पाहिजे. नळजोडणी बदलून पर्यायी सोय करण्यास पंधरा दिवस अपुरे आहेत, असे आपण ठामपणे म्हणू शकता.

गळतीचा आरोप पुराव्याशिवाय मान्य करू नका. २०० लिटरची भरलेली टाकी, तिचा स्टँड आणि नळ्या मिळून भार दोनशे किलोंच्या वर जातो, आणि बोल्टसाठी कोब्याला भोके पाडली असतील तर तेथून पाणी झिरपू शकते, हे खरे आहे. पण ओल नेमकी स्टँडच्या पायांखाली आहे की पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला, हे अभियंत्याने पाहून लेखी द्यावे, अशी मागणी करा. एरवी गच्चीची दुरुस्ती हा सोसायटीचाच खर्च असतो.

गिझरचा सल्ला तर चुकीच्या समजुतीवर उभा आहे. सामायिक मीटरला जोडलेल्या पॅनेलची वीज लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांच्या बिलातून वजा होते. आपल्या घराच्या मीटरवर गिझरचे युनिट पूर्वीसारखेच पडतील. छतावरील सौर विजेसाठी केंद्र सरकारची जी पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात गृहनिर्माण संस्थांना सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, तेव्हा सोसायटीला पॅनेल हवेसे वाटणे रास्तच आहे. माझ्या मते आपण पॅनेलला विरोध करू नये, हीटरसाठी जागा मागावी. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून गच्चीच्या उत्तर कडेला हलवलेल्या हीटरची सावली पॅनेलवर क्वचितच पडेल. मात्र थंड पाण्याची टाकी हीटरपेक्षा उंच राहील ना, हे प्लंबरकडून तपासून घ्या आणि मोजमापांसह नकाशा अर्जाला जोडा.

सभेची नोटीस, अजेंडा आणि इतिवृत्ताच्या प्रती सभासद म्हणून लेखी मागा. हा विषय अजेंड्यावर नसताना ठराव झाला असेल, तर तो आव्हानास पात्र ठरतो. इमारतीच्या मंजूर नकाशात सौर जलतापनाची अट होती का, हेही महापालिकेच्या कागदपत्रांत पाहा. तशी अट असेल, तर सोसायटीला ती केवळ बहुमताने मोडता येणार नाही.

समितीने ऐकलेच नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा आणि त्यासोबत अंतरिम स्थगितीचा अर्ज करता येतो. अनेक जण त्याऐवजी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे खेटे घालतात आणि त्यात मुदत निघून जाते. मेंटेनन्स मात्र रोखू नका, कारण थकबाकीदार ठरल्यास आपलीच बाजू लंगडी पडेल. नोटिशीचे लेखी उत्तर पंधरा दिवसांच्या आत द्या आणि त्याची पोच घ्या.