नवा हेडफोन, जुने कान

प्रश्न : चार वर्षे ब्लूटूथचा नॉइज-कॅन्सलिंग हेडफोन वापरला. आता सेनहायझरचा एचडी ६५० घेतला. सगळे त्याची तारीफ करतात, पण मला आवाज पोकळ वाटतो. डग्ग्याला वजन नाही, गायक मात्र अगदी पुढ्यात येऊन बसतो. दोष हेडफोनमध्ये आहे की माझ्या कानांत? (वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा कशातच नाही. ब्लूटूथच्या नॉइज-कॅन्सलिंग हेडफोनमध्ये आवाज घडवणारी चिप असते आणि बहुतेक कंपन्या तिच्याकरवी बेस चांगलाच फुगवतात. चार वर्षांत तुमच्या कानांनी तोच सपाट मानला. एचडी ६५० हा ओपन-बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू उघडी असलेला आहे. त्याचा मधल्या सुरांचा पट्टा बराचसा सरळ आहे आणि साधारण ६० हर्ट्झच्या खाली तो उतरत जातो.

आता हिशेब करू. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३८.६ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ वर. म्हणजे खयालाच्या मैफलीतले जवळजवळ सगळे या हेडफोनच्या आवाक्यात आहे. तुम्हाला जे हरवल्यासारखे वाटते ते मुख्यतः जुन्या हेडफोनने पदरचे घातलेले होते. याची सवय होते. पण सिंथेसायझरचा ४० हर्ट्झचा बेस असलेली गाणीच तुम्ही जास्त ऐकत असाल, तर तिथे खरोखरच कमी आहे, आणि ती उणीव सवयीने भरून निघणार नाही.

सवयीची वाट पाहण्याआधी हेडफोन ठीक आहे याची खात्री करा. केबलच्या कपांकडच्या दोन्ही टोकांच्या पिना पूर्ण आत दाबा. एक पिन जाड, एक बारीक असते. मग बातम्यांसारखे मोनो (दोन्ही कानांत एकसारखे येणारे) बोलणे लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. तो एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घाला. सरकणे हेडफोनबरोबर फिरले तर दोष हेडफोनचा किंवा तो ज्याला जोडला आहे त्या उपकरणाचा. त्याच कानाकडे राहिले तर आधी कानातला मळ तपासून घ्या. दुसऱ्या कंपनीची केबल लावली असेल आणि बोलणे मध्ये न येता डोक्याभोवती पसरत असेल, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या आहेत. शेवटी ३० ते २०० हर्ट्झचा चढता सूर अगदी हळू आवाजात वाजवा. मध्येच भुणभुण झाली तर हेडफोनच्या आतल्या पडद्यावर केस अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

यानंतर आवाजाची पातळी. कमी आवाजात कानाला बेस मुळातच कमी जाणवतो, त्यामुळे नवा हेडफोन जुन्यापेक्षा हळू वाजत असेल तर तुलनाच फसते. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा वाटेपर्यंत पातळी जुळवा, मग डग्ग्याबद्दल बोला. अचूक जुळणी घरी होत नाही, पण एवढी पुरते.

मग जुना हेडफोन कपाटात ठेवा. दर दहा मिनिटांनी हा-तो बदलून पाहणाऱ्याच्या कानाला काहीच बसत नाही. रोज तासभर, ओळखीची तीच पाच-सहा रेकॉर्डिंग्ज, असे दोन आठवडे ऐका. फारच रुक्ष वाटले तर वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारे सॉफ्टवेअर, म्हणजे इक्वलायझर लावा : विंडोजवर इक्वलायझर एपीओ किंवा अँड्रॉइडवर वेव्हलेट घ्या. एपीओमध्ये १०५ हर्ट्झवर लो-शेल्फ फिल्टर (त्याखालचे सगळे सूर उचलणारा), ४ डेसिबल वाढ, क्यू (फिल्टरचा टोकदारपणा) ०.७ असे लावा. प्रीअँप, म्हणजे एकूण पातळी, उणे ४ ठेवायला विसरू नका, नाहीतर जोरकस जागी आवाज फाटेल आणि दोष हेडफोनवर जाईल. दर तीन-चार दिवसांनी ही वाढ १ डेसिबलने उतरवा. २ वरच थांबावेसे वाटले तर थांबा; शून्यावर गेलेच पाहिजे असा काही सोवळेपणा नाही.

प्रश्न : बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेतला. ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात. दुकानदार म्हणतो, १०० तास वाजवत ठेवा, मग मऊ होईल. (वाचक, सांगली)

उत्तर : ठेवू नका. वाजवून वाजवून ड्रायव्हरमध्ये (आवाज काढणाऱ्या आतल्या भागात) मोजता येईल असा जो फरक पडतो तो अगदी किरकोळ असतो. हेडफोन डोक्यावर काही मिलिमीटर सरकला तरी त्याहून जास्त फरक होतो. गाद्या मात्र उष्णतेने आणि दाबाने बसतात, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाज थोडा बदलतो. पण ते हेडफोन डोक्यावर घातल्याने होते, टेबलावर वाजवत ठेवल्याने नाही. बाकीचे बदलतात ते तुमचे कान.

या मॉडेलचा ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा सर्वश्रुत आहे. सर्वसाधारण उजळपणा कानात बसतो. असा टोकदार उंचवटा बहुधा बसत नाही. ५ ते १० किलोहर्ट्झचा सूर हळू आवाजात सरकवत न्या आणि कुठे टोचतो ते शोधा. प्रत्येकाच्या कानाच्या घडणीप्रमाणे ही जागा थोडी इकडेतिकडे असते. इक्वलायझरमध्ये तिथे पीक फिल्टर (फक्त त्याच जागेपुरता), उणे ५ डेसिबल, क्यू ३. यानेही भागले नाही तर परत करा, आणि त्यासाठी बिलावरची मुदत आजच पाहा. १०० तासांच्या सल्ल्याचा खरा तोटा हाच की ती मुदत त्यातच उलटून जाते. पुष्कळ दुकानांत उघडलेला हेडफोन फक्त बदलून मिळतो, पैसे परत मिळत नाहीत.

प्रश्न : ३०० ओहमचा हेडफोन फोनवर चालेल की अँप्लिफायर घ्यावाच लागेल? (वाचक, पणजी)

उत्तर : ओहमच्या आकड्याला घाबरू नका, व्होल्ट बघा. एचडी ६५० हाही ३०० ओहमचाच, आणि तो १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) आयफोनवर साधारण १ व्होल्ट देतो (युरोपातला डोंगल सोडून). अनेक अँड्रॉइड फोनवर मात्र तोच डोंगल जवळपास निम्म्यावर अडकतो, म्हणजे ६ डेसिबल गेले, कमाल ९७. चित्रपटगीताला हे भरपूर आहे. खयालात आलापी आणि द्रुत यांच्या पातळीत २० डेसिबलचे अंतर सहज पडते, त्यामुळे विलंबित भाग पंचाहत्तरीच्या आसपास येतो. शांत खोलीत तेही पुरते. पंखा चालू असेल तर ओपन-बॅक हेडफोनमध्ये पुरत नाही. १ व्होल्टहून जास्त देणारा साधा डोंगल-डॅक (असाच, पण जास्त ताकदीचा अडॅप्टर) घ्या, मोठ्या अँप्लिफायरची गरज नाही.

ताकद मिळाली की हात सैल सुटू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. नव्या हेडफोनवर बेस शोधत आवाज वाढवत जाणे हीच नेहमीची चूक.

प्रश्न : चष्मा लावला की क्लोज्ड (बंद कपांच्या) हेडफोनचा बेस जातो. (वाचक, ठाणे)

उत्तर : चष्म्याच्या काडीपाशी फट पडते आणि खालचे सूर तिथून निसटतात. ४० हर्ट्झचा सूर लावून कप हलकेच दाबा. आवाज एकदम भरला तर कारण हेच. बारीक काडीची फ्रेम वापरा किंवा जाड, मऊ गाद्या बसवा. कृत्रिम चामड्याच्या गाद्या किनारपट्टीच्या दमट हवेत लवकर सोलतात, आणि सोलल्या की चष्म्याशिवायही फट राहते.

प्रश्न : चांगला हेडफोन आल्यापासून जुनी नाट्यपदे ऐकवत नाहीत, नुसती खरखर. (वाचक, बेळगाव)

उत्तर : खरखर आधीही होती, जुना हेडफोन ती झाकत होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांत ७ किलोहर्ट्झच्या वर गाण्यापेक्षा पृष्ठभागाचा आवाजच जास्त. तिथून वर इक्वलायझरमध्ये हाय-शेल्फ (त्यावरचे सगळे सूर बदलणारा फिल्टर) लावून ५-६ डेसिबल उतरवा. या गाण्यांसाठी वेगळे प्रीसेट करून ठेवा. खरखर अजिबात नाही पण गाणे पाण्याखालून आल्यासारखे गुळगुळते, अशी प्रत मिळाली तर ती आधीच कुणीतरी सॉफ्टवेअरने जास्त घासलेली आहे. त्यावर इक्वलायझरचा इलाज नाही, दुसरी प्रत शोधा.