मुलांचे प्रश्न आणि पेसाहची रात्र

प्रश्न : आम्ही ठाण्यातील बेने इस्राएल (मराठी भाषक ज्यू) कुटुंब आहोत. चौदा वर्षांच्या मुलाला हिब्रू प्रार्थनांचे पाठांतर कंटाळवाणे वाटते. धर्मशिक्षणाची गोडी त्याला कशी लावावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाठांतर थोडे बाजूला ठेवून पेसाहच्या (इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या) सेदेरपासून, म्हणजे त्या रात्रीच्या विधिवत भोजनापासून, सुरुवात करावी, कारण त्या रात्रीची रचनाच मुलांसाठी केलेली आहे. सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते आणि लपवलेला मात्झाचा (बिनखमिराच्या भाकरीचा) तुकडा मुलांनी शोधल्याशिवाय भोजन पूर्ण होत नाही. हग्गादा या सेदेरच्या वेळी वाचायच्या पुस्तकातील चार पुत्रांपैकी एक तर ‘या विधीचा तुम्हाला काय अर्थ?’ असे उद्धटपणे विचारतो. तरीही त्याला त्याच पंगतीत स्थान आहे. आपल्या मुलाच्या शंकांनाही तसेच स्थान द्यावे.

१८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादामध्ये साडी नेसलेल्या स्त्रिया मात्झा तयार करतानाची चित्रे आहेत. ती त्याला दाखवावीत आणि त्या धर्तीवर आपल्या घराची चित्रे काढायला सांगावे.

किशोरवयीनांसाठी मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते कीर्तन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएलांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली. इस्राएलांना इजिप्तमधून बाहेर काढणाऱ्या मोशेच्या कथेवर पूर्वरंग आणि आख्यान मुलाने स्वतः लिहावे, मित्रांनी पेटी व झांजा सांभाळाव्यात आणि आजीने जुन्या चाली शिकवाव्यात. आख्यानासाठी मूळ हिब्रू ओळी लागतीलच. त्या तो गरजेपोटी शिकेल, आणि असे शिकणे सक्तीच्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते.